उज्ज्वलाची शोचू

तात्यांचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. शिकवताना मी फोन घेत नाही, पण तात्या स्वतःहून कधी कुणाला फोन करत नाहीत, म्हणून पडद्यावर त्यांचं नाव दिसताच खडू ठेवून बाहेर आले. "सुनंदा, उज्ज्वला गेली," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा. "सकाळी ओट्यापाशी उभी होती, तितंच पडली. डॉक्टर येऊन बघून गेलं. तू ये." मी काय बोलले ते आठवत नाही. मग ते म्हणाले, "आन् हिनं सकाळपास्नं पाणी घेतलेलं न्हाय. उज्ज्वला करायची तसं तुला जमतंय का बघ."

हिनं म्हणजे त्यांच्या बायकोनं, उज्ज्वलाच्या आईनं; मी त्यांना काकू म्हणते. इंदापुराहून बारामतीकडे येताना शेळगाव, सणसर मागे पडत गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी पुन्हा पुन्हा अडकत राहिली, आणि माझ्या डोक्यात मैत्रीण गेल्याचं शिरतच नव्हतं. काकूंना आता पाणी कोण पाजणार, एवढंच फिरत होतं. जळोचीच्या त्या घरात मी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत उज्ज्वलाला ठेवलं होतं आणि आतल्या खोलीत काकू पलंगावर उशाला टेकून दाराकडे बघत होत्या. बाहेर काय चाललंय ते त्यांना कळत होतं की नाही, ते आजही मला सांगता येणार नाही. त्यांना गेली काही वर्षं बोलता येत नाही.

त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या एका बाईंचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "दारूच्या लायनीत व्हती म्हणं. मग तब्येत कशी ऱ्हाईल?" त्यात वाईट हेतू नव्हता. चाळिशीतलं माणूस असं अचानक गेलं की लोक कारण शोधतात, आणि उज्ज्वलाच्या बाबतीत ते सगळ्यांना तयारच सापडत होतं. महिना उलटून गेला तरी इंदापुरात, बारामतीत मला हेच ऐकू येतं. म्हणून हे लिहायला बसले. उज्ज्वला बारटेंडर होती. पेयं बनवायची. लहानपणच्या तापात तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, त्यानं ती गेली. आणि मधल्या काळात काय झालं, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

आमची ओळख बारामतीच्या कॉलेजातली. मी शेळगावहून एसटीनं यायची, ती जळोचीहून सायकलवर. संध्याकाळची गाडी चुकली की मी तिच्या घरी मुक्काम करायची. तात्या तेव्हा एसटीच्या डेपोत कामाला होते. घरात पहाटे उठल्यावर सगळ्यात आधी कानावर यायची ती त्यांची वंदना... त्रिशरण, मग पंचशील. पाचवं शील म्हणताना तात्यांचा आवाज किंचित वर चढायचा. सुरा, मेरय, मद्य यांच्यापासून दूर राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो. हे ते नुसतं म्हणत नसत. त्यांचा थोरला भाऊ हातभट्टीची पिऊन तरुणपणी गेला होता. तेव्हापासून ड्यूटी संपली की तात्या वस्त्यावस्त्यांवर जात, पिणाऱ्यांच्या बायकांना घेऊन बसत, भट्ट्या मोडायला पुढे होत. विहारात शील सांगायचा मान त्यांच्याकडे आपसूक आला होता. मी शेतकऱ्याच्या घरची, आमच्याकडे चुलते-मामे सणावाराला पिऊन यायचे आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. त्यामुळे तात्यांचं घर मला वेगळंच वाटायचं. स्वच्छ. थोडा धाक वाटावा इतकं स्वच्छ.

बारावीनंतर उज्ज्वला पुण्याला हॉटेल मॅनेजमेंटला गेली. तात्यांना ते आवडलं होतं. पोरगी मोठ्या हॉटेलात साहेब होईल, असं ते डेपोत सांगायचे. तिथं वर्गात एकदा बारचं काम शिकवलं आणि तिचा हात त्यात बसला, ते मात्र घरी कुणाला कळलं नाही. पुण्यातल्या एका हॉटेलात तिनं काही वर्षं काढली आणि मग जपानला गेली, फुकुओका नावाच्या शहरात. तात्यांनी सगळ्या जळोचीत पेढे वाटले. मुलगी बुद्धाच्या देशात चालली होती. ती तिथल्या विहारांचे फोटो पाठवायची, लाकडी छपरं, दगडी दिवे, आणि तात्या ते छापून घेऊन विहारात लावायचे. तिथं ती काय काम करते असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "हॉटेलात हाय, पाव्हण्यांचं बघती." खोटं नव्हतं ते.

काकूंना मात्र खरं ठाऊक होतं. उज्ज्वलानं आईला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. तात्या विहारात गेले की दोघींचा फोन चालायचा, आणि मी बारामतीत असले तर मीही शेजारी बसलेली असायची. शोचू हा शब्द आम्ही दोघींनी त्या फोनवर पहिल्यांदा ऐकला. जपानची जुनी दारू, उज्ज्वला सांगत होती. तांदळाची करतात, जवाची करतात, रताळ्याची करतात. काकू हसून हसून लोळल्या. "रताळ्याची? अगं, उपासाला चालंल की मग," असं म्हणाल्या. उज्ज्वला म्हणाली, ती एकदाच गाळतात गं आई, म्हणून ज्याची केली त्याची ओळख तिच्यात राहते. आणि दक्षिणेकडच्या काही बेटांवर ती उसाच्या काळ्या साखरेची करतात, तिथली काळी साखर म्हणजे आपला गूळच. तिकडं उसाचे फड आहेत आई. मी बघून आले. वाऱ्यानं तसंच वाजतं पान... काकूंनी विचारलं, "करमतंय का तुला?" ती म्हणाली, "करमतं. खरंच करमतं." आणि मला वाटतं, तिच्या आयुष्यातली तीच वर्षं अशी होती की हा प्रश्न तिला विचारता येत होता आणि ती खरं उत्तर देऊ शकत होती.

तिकडच्या एका स्पर्धेत तिच्या शोचूच्या कॉकटेलला बक्षीस मिळालं आणि घोटाळा झाला. बारच्या काउंटरमागे काळं जाकीट घालून, हातात पेयं हलवायचं झाकणाचं भांडं, शेकर, धरून ती उभी आहे, असा फोटो कुठून तरी नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. पुण्याच्या कुणी तरी अभिनंदन म्हणूनच टाकला होता. तात्यांनी तो बघितला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो की आता काय होणार. काहीच झालं नाही. त्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा तात्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "जेवलीस का?" आणि फोन काकूंच्या हातात दिला. पुढच्या पौर्णिमेला विहारात ते मागच्या रांगेत जाऊन बसले. लोकांनी पुढं बोलावलं तर म्हणाले, "आता दुसऱ्या कुणीतरी शील सांगावं. माझ्या घरातनं पाचवं सुटलंय." त्यानंतर ते पुढं बसले नाहीत. उज्ज्वलाला ते एका शब्दानं बोलले नाहीत. काकूंनीही तिला कळवलं नाही. तिला हे कळलं ते परत आल्यावर, विहारातल्या एका बाईकडून.

ती परत आली ती रजा काढून. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. आईला जरा सावरून परत जायचं, असं ठरवून ती आली आणि काही दिवसांतच टाळेबंदी लागली. विमानं बंद झाली. मग तिच्या व्हिसाची मुदत संपली. मग तिकडच्या हॉटेलचा बारच बंद झाल्याचं कळलं. हे सगळं तिनं घराच्या गच्चीवर उभं राहून मला फोनवर सांगितलं, कारण खाली सांगता येत नव्हतं. त्या घरात आता तीन माणसं होती आणि तिघांचंही बोलणं बंद होतं. काकूंना बोलता येत नव्हतं, तात्या बोलत नव्हते आणि उज्ज्वलानं बोलायचं कुणाशी...

काकूंची खरी अडचण गिळण्याची होती. पातळ काही दिलं की श्वासनलिकेत जायचं, ठसका लागायचा, जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं, पाणीसुद्धा दाट करून द्या. बाजारातली पावडर घालून दाट केलेलं पाणी काकू तोंडातही घेईनात. ओठ घट्ट मिटून तोंड भिंतीकडे फिरवायच्या. माणूस अशानं किती दिवस राहणार? उज्ज्वलानं तेव्हा जपानहून आणलेली बारच्या सामानाची पेटी उघडली. तिनं आमसुलाचं पाणी साबुदाण्याच्या पेजेत दाट केलं, त्यात जिरं, मीठ आणि किंचित गूळ घालून शेकरमध्ये बर्फाबरोबर हलवलं, गाळलं आणि उंच दांड्याच्या काचेच्या ग्लासात ओतून आईसमोर धरलं. काकूंनी त्या ग्लासाकडे पाहिलं. मग चमचाभर घेतलं. मग अजून एक. उज्ज्वलानं मला सांगितलं, "फुकुओकात माझ्यासमोर मोठमोठी माणसं बसायची गं. पण पहिल्या घोटाला मी इतकी कुणाला घाबरले नव्हते." त्यानंतर रोज काहीतरी नवं असायचं. उसाचा रस आरारूट घालून, ताकात पुदिना, कैरी भाजून तिचं दाट सरबत. काकू प्यायच्या. फक्त तिच्या हातून प्यायच्या.

टाळेबंदी उठल्यावर तिनं भिगवण रोडवरच्या एका हॉटेलात नोकरी धरली. कागदावर ती मॅनेजर होती. मालकाला मुळात तिला बारमागे उभं करायचं नव्हतं, बाई बघून नको ती गर्दी होईल म्हणून. मग दुसऱ्या मजल्यावर कुटुंबासाठी म्हणून जो हॉल होता, तिथं तिला एक छोटं काउंटर मिळालं. जपानहून येणाऱ्या ओळखीच्या कुणाकडून, कधी मुंबईतल्या दुकानातून, ती शोचू मिळवायची. परवाने, पावत्या सगळं मालकाच्या मागे लागून करून घ्यायची, त्यात तिला कच्चं काही चालायचं नाही. गिऱ्हाइकं मात्र व्हिस्की आणि सोडा मागायची. कुणी म्हणायचं, "मॅडम, ते जपानी पानी नगं, आपलं कडक द्या." ती हसून व्हिस्की ओतायची. दुपारी चारच्या सुमारास ती घरातून निघायची तेव्हा तात्या ओसरीवर बसलेले असायचे. "रस्त्यानं जपून," एवढं म्हणायचे. ती परत आली की आधी न्हाणीघरात जाऊन अंघोळ करायची आणि मगच आत यायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा दुपारी, हॉटेल उघडण्याआधी, मी तिथं गेले होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, खाली कुणीतरी फरशी धूत होतं. तिनं मला काउंटरच्या बाहेर बसवलं आणि स्वतः आत गेली, आणि मी तिला इतकी वर्षं ओळखत असून त्या क्षणी वेगळंच माणूस समोर आल्यासारखं वाटलं. घरात तिचे खांदे नेहमी जरा पुढे आलेले असायचे. इथं ती ताठ होती. आधी तिनं एका लहानशा वाटीत उसाच्या काळ्या साखरेची नुसती शोचू ओतून माझ्यापुढे ठेवली. मी दारू कधी चाखलेली नव्हती. "एकच घोट. थांबून घे," ती म्हणाली. मग तिनं बर्फाचा मोठा खडा घेतला, ताजा उसाचा रस, आलं, लिंबू, मीठ, आणि शोचू. ती सांगत होती, "व्होडकासारखी वापरली की संपलं. व्होडका कशातही गप्प बसते. ही बोलते. म्हणून तिच्या शेजारी काय ठेवायचं ते तिच्या कलानं ठेवायचं. आणि रस आधी काढून ठेवायचा नाही, काळा पडतो." ऊस सणसरचा होता, म्हणून तिनं त्या पेयाचं नावही सणसर ठेवलं होतं. आल्याचा चटका आधी आला, मग लिंबू, मग अगदी शेवटी शोचू. मी म्हटलं, "हे तात्यांना दाखवायला हवं होतं." ती ग्लास पुसत म्हणाली, "त्यांनी माझ्यासाठी विहारातली जागा सोडली सुनंदा. मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. आता कशावर भांडू?"

नंतरच्या एका हिवाळ्यात एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीत जपानी पाहुणे आले. त्यांना जेवायला त्या हॉटेलात आणलं. त्यांच्यात ओकुबो नावाचे वयस्कर इंजिनिअर होते, शोचूच्या मुलखातले. त्यांनी गंमत म्हणून शोचू मागितली. काउंटरमागून उज्ज्वलानं त्यांच्या भाषेत विचारलं, कोणती देऊ, आणि गरम पाण्यात की बर्फावर? तिनं मला सांगितलं, ते खुर्चीवरून उठलेच. गरम पाण्यात घ्यायची तर पाणी आधी ओतायचं आणि शोचू नंतर, हे तिनं बरोबर केलेलं बघून त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांना गप्प केलं. मग तिनं त्यांना आपलं सणसर करून दिलं. ते मुक्कामाला होते तोवर रोज यायचे. जाताना म्हणाले, त्यांच्या भावाचा शोचूचा कारखाना आहे, तिथं पाहुण्यांसाठी बार काढलाय, परदेशी लोक येतात, तुझ्यासारखं माणूस हवंय. परत गेल्यावर ते विसरतील असं तिला वाटलं होतं. ते विसरले नाहीत. नेमणुकीचं रीतसर बोलावणं आलं.

ते तात्यांना सांगायचं कसं, यावर आम्ही दोघींनी बराच विचार केला. शेवटी ती सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि काम काय आहे, कशाचं आहे, सगळं सरळ सांगितलं. इतक्या वर्षांत दारू हा शब्द त्या दोघांमध्ये पहिल्यांदा उच्चारला गेला. तात्या ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला जायाचंय?"

"व्हय," ती म्हणाली. घरात ती तशीच बोलायची.

"मग जा. हिचं मी बघतो."

एवढंच. तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती. तात्यांनी खरंच मनावर घेतलं होतं. जायच्या आधी सवय व्हावी म्हणून उज्ज्वला माझ्याकडे इंदापूरला राहायला आली आणि तिकडे तात्या काकूंना भरवू लागले. तिनं सगळं सांगून, दाखवून ठेवलं होतं. पण काकूंनी तोंड मिटलं. तात्या चमचा धरून बसायचे, काकू भिंतीकडे बघायच्या. पहिल्या दिवशी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी थोडंसं घेतलं, आणि त्यानंतर तात्यांनी घाईनं, पोटात काहीतरी जावं म्हणून, जरा पातळच दिलं असावं. ठसका लागला, छातीत गेलं, दवाखान्यात न्यावं लागलं. उज्ज्वला माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. फोन आला. तिनं सुरी धुतली, जागेवर ठेवली, बॅग भरली.

दवाखान्याच्या बाकावर तात्या बसले होते. तिला बघून उठले. "मला जमलं न्हाय," म्हणाले. ती म्हणाली, "तुमची चूक न्हाय तात्या." काकू घरी आल्या. त्यांनी तिच्या हातून पेजेचा पहिला चमचा घेतला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं... त्यांना सगळं कळत होतं की काय, असं मला तेव्हा वाटलं आणि मी तो विचार झटकून टाकला. मुलीला जाऊ दिलं पाहिजे हे कळत असूनही तोंड उघडत नसेल, तर त्या बाईचं काय होत असेल? उज्ज्वलानं तिकडे नकार कळवला. पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त एकदा, आम्ही गच्चीवर वाळवण काढत होतो तेव्हा म्हणाली, "मला कुणी बांधून ठेवलेलं नाही सुनंदा, हीच अडचण आहे. बांधलं असतं तर सोडवून घेतलं असतं."

तिला दम लागायला लागला होता. जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहायची. मी ओरडून ओरडून तिला पुण्याला नेलं. तिथं तपासणीत झडपेचं कळलं. ऑपरेशन करून घ्या, टाळू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऑपरेशन म्हणजे किती दिवस हलता यायचं नाही गं?" मी म्हटलं, मी रजा काढून येते, काकूंना मी शिकेन पाजायला. ती हो म्हणाली. आधी उन्हाळा जाऊ दे म्हणाली, उन्हाळ्यात आईला पाणी फार लागतं. मग म्हणाली, दिवाळी होऊ दे. मी तिच्याकडे शिकायला जाऊही लागले होते. काकू माझ्या हातून दोन-चार चमचे घेऊ लागल्या होत्या. त्या दोन-चार चमच्यांवरच त्या दिवशी, बाहेरच्या खोलीत उज्ज्वलाला ठेवलेलं असताना, मी काकूंना पाणी पाजलं.

उज्ज्वलाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला विहारात बरीच माणसं होती. भंतेजींनी शील दिलं, सगळ्यांनी म्हटलं. तात्या मागच्याच रांगेत होते. पाचही शीलं त्यांनी म्हटली, आवाज ना चढला ना पडला. मग एकेकानं उठून उज्ज्वलाबद्दल दोन शब्द बोलायला सुरुवात केली. आईची सेवा केली, हॉटेल व्यवसायात नाव काढलं, परदेशी राहून आली. सगळे जपून बोलत होते. तात्यांना दुखवायचं नव्हतं कुणाला. शेवटी तात्याच उठून उभे राहिले. त्यांना माईक दिला तो त्यांनी घेतला नाही.

"माझी मुलगी बारमधी काम करायची," ते म्हणाले. "दारूची पेयं बनवायची. ती चांगली बनवायची, असं मी लोकांकडनं ऐकलंय. मी कधी बघाया गेलो न्हाय. माझ्यानं जाववलं नसतं. ते शील मी अजूनबी पाळतो आन् मरंपतोर पाळणार. पन हॉटेल हॉटेल म्हणून तिचं काम झाकू नका. इतकी वर्सं ते मीच झाकलं."

ते खाली बसले. भंतेजींनी डोळे मिटले होते.

मागच्या रविवारी मी जळोचीला गेले होते. तात्या स्वयंपाकघरात होते. ओट्यावर आमसुलं भिजत घातलेली, साबुदाण्याची पेज गार करायला ठेवलेली. त्यांनी ते सगळं शेकरमध्ये घातलं, झाकण दाबून बसवलं आणि दोन्ही हातांनी हलवू लागले. ऐंशीच्या घरातला माणूस, धोतराचा सोगा खोचून, शेकर हलवतोय. मग त्यांनी एक थेंब डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर टाकला आणि जिभेनं टिपला. बारमध्ये पेयाची चव अशीच बघतात. उज्ज्वला तशीच बघायची. मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी दाखवलं?"

"कुणी न्हाय. ती आईसाठी करायची, मी दारातनं बघायचो. तिला ठाऊक नव्हतं."

काकूंनी अर्धा ग्लास घेतला. अर्धा नाही घेतला. अलीकडे त्या तात्यांच्या हातून घेतात, मनापासून नाही, पण घेतात. त्यांचं तोंड पुसून, उशी नीट करून तात्या मला उज्ज्वलाच्या खोलीत घेऊन गेले आणि कपाट उघडलं. तिच्या साड्या, जाकीट, पासपोर्ट, आणि मागच्या बाजूला कागदात गुंडाळलेली एक बाटली. जपानी अक्षरांचं लेबल. अर्ध्याहून जास्त भरलेली. उसाच्या काळ्या साखरेची ती शोचू.

"आवराया काढलं तवा सापडली," तात्या म्हणाले. "मी आजवर भट्टीवरची मडकी किती फोडली असतील, हिशेब न्हाय. ही एक बाटली हाय. मोरीत वतावी म्हणून दोनदा घेऊन गेलो. वतवत न्हाय. आन् घरात ठेववत बी न्हाय. तू नेतीस का?"

मी बाटली हातात घेतली. माझ्या घरी सासूबाई आहेत, मुलं आहेत, कपाटात अशी बाटली दिसली तर काय उत्तर देणार, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तात्यांनी बाटली परत घेतली आणि होती तिथं, जाकिटाच्या मागे ठेवली. दार न लावता तसेच उभे राहिले.

"तू पेली व्हतीस ना तिच्या हातची?"

"एकदा, तात्या."

"कशी लागती?"

असा प्रश्न तात्या विचारतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी आठवून आठवून सांगितलं. तोंडाजवळ नेली की वास येतो तो गुळाचा, काहिलीतून नुकत्या उतरवलेल्या गुळाचा. वाटतं, आता गोड लागणार. पण जिभेवर साखरेचा कणही नसतो. कोरडी असते. गरम असते. गिळल्यावर पुन्हा तो वास तेवढा वर येतो.

तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हंजी गुळाची असून गोड न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय, तात्या."

आतून काकूंचा घशातला आवाज आला. त्यांना कूस बदलून हवी होती. तात्यांनी कपाट लावलं, किल्ली फिरवली, आणि आत गेले.